एबर सिसनच्या माळ्यावरचे पोप

पोपच्या अंगावरचं शीड मीच ओढलं.

तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या कमिटीच्या कारकुनाने इतकंच सांगितलं होतं, की फ्रेंच आरमाराबरोबर आलेल्या कप्तान ताँगींना एखाद्या बऱ्या घरात उतरवून ये, आणि एबर सिसनच्या घरी मात्र कुणालाही नेऊ नकोस. का नेऊ नको, हे सांगायची गरज त्याला वाटली नाही आणि विचारायची मला. मी न्यूपोर्टात नवा होतो. खाडीपलीकडच्या लहानशा गावात शिकलेला. आमच्या मास्तरांकडे फ्रेंच व्याकरणाचं एक पुस्तक होतं, तेवढ्या पुण्याईवर कमिटीने मला दुभाषा नेमलं होतं. पुस्तकाची मागची पानं उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे मला काल काय झालं ते फ्रेंचमध्ये सांगता येई, उद्याचं काही बोलता येत नसे.

घर शोधणं सोपं नव्हतं. आमच्याशी लढणारे इंग्रज तीन वर्षं गावात राहून गेले होते. जाताना त्यांनी झाडं, धक्के आणि निम्मी घरं सरपणात घातली होती. उरलेल्या घरांना दारं होती तर खिडक्या नव्हत्या. एबर सिसनच्या घराला दोन्ही होतं. शिवाय धुराड्यातून धूर येत होता, आणि धुरापाठोपाठ तिसऱ्यांच्या कालवणाचा वास. कप्तान उपाशी होते, मीही होतो. कारकुनाचं बोलणं पोटाखाली दबलं.

घरधनीण रुहामाकाकू दारातच म्हणाल्या, "माळा सोडून कुठेही राहा."

तेवढं ऐकून मी कप्तानांना माळा दाखवायला नेलं. कोपऱ्यात मोठ्या शिडाखाली काहीतरी रचून ठेवलेलं होतं. "पेटी ठेवायला इथे ऐसपैस जागा होती," असं मी फ्रेंचमध्ये म्हणालो आणि ऐटीत शीड ओढलं.

खाली पोप होते. एक नव्हे, फळीवर ओळीने मांडलेली पोपांची लाकडी डोकी. उंच टोप्या, रंगवलेले गाल, मिस्कील डोळे. टोकाला सैतान. बाकी सगळ्यांचं हसू काढून घेऊन त्याच्या एकट्याच्या तोंडावर फासावं, तसा तो हसत होता.

कप्तानांनी टोपी काढली. "हे कोण?" त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं.

व्याकरणाच्या पहिल्या धड्यात आई, बाप, काका, मावशी होते. तेवढेच मला त्या क्षणी आठवले. "हे या घरातले काका," मी म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

कप्तानांनी ओळ शेवटपर्यंत न्याहाळली. मग आमच्याच इंग्रजीत, कुठेही न अडखळता म्हणाले, "मोठं खानदान दिसतं. आणि सगळ्यांनाच रोमला नोकरी."

मागच्या लढाईत ते इंग्रजांच्या तुरुंगात होते आणि भाषा तिथल्या पहारेकऱ्यांकडून शिकले होते, हे मला नंतर कळलं. माझी दुभाष्याची कारकीर्द तिथेच संपायची. पण कमिटीला ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही कशाला सांगू?

आता कारण सांगतो. फ्रेंच पोपला मानणारे कॅथलिक, आम्ही त्याला न मानणारे. नोव्हेंबरच्या पाच तारखेला आमच्याकडे पोप जाळतात. खरा नव्हे. खरा रोमला असतो आणि आजवर आमच्या हाती लागलेला नाही. गवताचा पोप गाडीवर बसवायचा, मागे सैतान उभा करायचा, घंटा वाजवत दारोदार वर्गणी मागायची आणि शेवटी माळावर होळी करायची. आजे-पणज्यांपासूनची चाल. धड कुणीही करी. डोकं मात्र एबर सिसनचं. धंद्याने ते जहाजांच्या तोंडाशी बसवायच्या लाकडी मूर्ती कोरत, आणि वर्षातून एकदा गावासाठी हे फुकट कोरत. त्यातली गंमत अशी, की पोपचं नाक, हनुवटी, भुवया दरवर्षी गावातल्याच कुणाच्या तरी असत. एका वर्षी जकात अधिकारी, एका वर्षी माप मारणारा वाणी, एकदा तर खुद्द न्यायाधीश. म्हणून ऑक्टोबर लागला की गाव एबरकाकांशी फार गोड वागे. त्यांच्या दारात सफरचंदाचे केक येत, वाण्याचा तराजू सरळ होई. जाळायच्या ऐन वेळी काका शिडी लावून डोकं उतरवून घेत. "पाइनचं लाकूड फुकट येतं का?" म्हणत. पण स्वतःच्या हातचं नाक जळताना त्यांना बघवत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इंग्रजांनी त्यांचं सगळं लाकूड जाळलं, बाकडं जाळलं, पण पोपांना हात लावला नाही. पोपला हसायच्या बाबतीत राजाचं आणि आमचं तोवर एकमत होतं.

त्या दिवशी माझ्या मागोमाग एबरकाका जिना चढून आले. उंच, वाकलेले, भुवयांत भुसा अडकलेला, एक पाय किंचित ओढत चालणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या पोपांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"शीड घाल रे परत," ते मला म्हणाले. "उन्हानं रंग उडतो."

"हे तुम्ही केलेत?" कप्तानांनी विचारलं.

"केले खरे." काकांनी कान खाजवला. "पण तेव्हा तुमचं येणं ठरलं नव्हतं."

कप्तान हसले आणि त्याच घरी राहिले.

येणं ठरलं नव्हतं हे अगदी खरं. भांडण सुरू झालं तेव्हा ते घरातलं होतं: आम्ही, राजा, चहा आणि कर. बोस्टनजवळ गोळ्या सुटल्या तेव्हासुद्धा वाटलं होतं, की बाप-लेकांची खडाजंगी आहे, मिटेल. मग उत्तरेला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण आली आणि फ्रान्सच्या राजाला अचानक आमच्याविषयी प्रेम वाटू लागलं. त्याच्या मागून स्पेनचा राजा लढाईत उतरला, आमच्याशी नातं न जोडता, नुसता इंग्रजांवरच्या रागापोटी. एबरकाका म्हणत, "मी स्वतंत्र व्हायला निघालो तेव्हा एक राजा होता. आता दोन मदतीला आलेत. असंच चाललं तर घरात बसायला जागा उरायची नाही." पुढच्या हिवाळ्यात डच लोकही ओढले गेल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुर्कांचं काही कळलं का?"

त्यांना हे बोलायचा हक्क होता. तरुणपणी राजाच्या बाजूने उत्तरेला लुईबुर्गच्या किल्ल्यावर ते फ्रेंचांशी लढायला गेले होते आणि तोफेच्या गोळ्याखाली उजव्या पायाचं बोट गमावून आले होते. ज्याच्यासाठी बोट दिलं तो राजा आता वैरी, आणि ज्यांनी बोट घेतलं ते पाहुणे. पहिल्याच आठवड्यात कप्तानांनी विचारलं, "मास्टर सिसन, पायाला काय झालं?"

"काही नाही. एक बोट तुमच्याकडे ठेवायला दिलंय."

"पावती आहे?"

"नाही ना. तिथेच तर फसलो."

कप्तान सभ्य माणूस. पण भाषा तुरुंगातली. जेवण झालं की रुहामाकाकूंपुढे वाकून ते इतक्या अदबीने आभार मानत, आणि त्या आभारांत इतका दणदणीत शब्द असे, की काकूंच्या हातातली पळी तिथेच थांबे. "प्रार्थना म्हणावी तशी शिवी देतो हा माणूस," त्या मला म्हणाल्या. "सांगू नकोस त्याला. वाईट वाटेल."

गावात फिरताना वेगळंच. कप्तान बाजारात वाण्याला बघून थबकत आणि खोल वाकून नमस्कार करत. जकात अधिकाऱ्याला तर त्यांनी तब्येत विचारली. "तुमची ओळख आहे?" मी विचारलं. "तोंडओळख," ते म्हणाले. "माझ्या डोक्यावर राहतात." गावाला वाटलं, फ्रेंच काय नम्र लोक. युती घट्ट होण्यात माळ्याचा बराच वाटा आहे, पण ते कुठल्या इतिहासात येईल असं वाटत नाही.

एबरकाका मात्र वरून थट्टा करत आणि आतून खचलेले होते. इंग्रज आल्यापासून गावात एक जहाज बांधलं गेलं नव्हतं. मूर्ती कुणाला हवी? चांगल्या पटाश्या त्यांनी विकून खाल्ल्या होत्या. मुलगी कनेक्टिकटात दिलेली. जावई ॲसाहेल शेतकरी, सज्जन. त्याने निरोप पाठवला होता: बर्फ पडायच्या आत बैलगाडी आणतो, दुकान विकून टाका, मागची खोली रिकामी आहे, डुकरांवर नजर ठेवायला माणूस हवाच आहे.

"जावई वाईट असता तर बरं झालं असतं," काका म्हणत. "भांडून नाही म्हणता आलं असतं."

रुहामाकाकू काही म्हणत नसत. पण एकदा मी ऐकलं, त्या चुलीशी पुटपुटत होत्या, "मुलीच्या घरी पाहुणी म्हणून जायचं, की मागच्या खोलीतली म्हणून, याला अर्थ आहे."

उन्हाळा सरता सरता कप्तानांनी विषय काढला. त्यांचं जहाज लढाऊ नव्हे, सामान वाहणारं. नाव 'सेंत आन', म्हणजे संत आन, मारियेची आई, येशूची आजी. खलाशी सगळे ब्रेतन, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, आणि ब्रेतनांची ही आजी म्हणजे कुलदेवताच. जहाजाच्या तोंडाशी तिची मूर्ती होती. येताना धुक्यात शेजारच्या जहाजाची डोलकाठी आडवी आली आणि आजीचं तोंडच घेऊन गेली. आरमाराच्या सुतारांना लढाऊ जहाजांतून सवड नव्हती.

"माझे लोक म्हणतात, बिनतोंडाच्या आजीमागून आम्ही जाणार कुठे?" कप्तान म्हणाले. "मास्टर सिसन, तोंड करून द्या. पसंत पडलं तर पूर्ण दाम चांदीत. आणि धक्क्यावर आणखी तीन-चार जहाजं आहेत, कुणाचा हात गेलाय, कुणाचं नाक. ते सगळे माझ्या आजीकडे बघून ठरवतील."

"आणि पसंत नाही पडलं तर?"

"तर तुमची डुकरं."

काका माझ्याकडे बघायला लागले. आम्ही बाप्टिस्ट. संतांच्या मूर्ती करणं आमच्यात बसत नाही. पण ती अडचण त्यांच्या तोंडून आली नाही. वेगळंच आलं. "मी आदरानं पाहण्याजोगं तोंड कधी केलेलं नाही," ते हळूच म्हणाले.

"जहाजांच्या मूर्ती केल्यात की," मी म्हणालो.

"मत्स्यकन्या, गरुड, सिंह. त्यांना कोण नमस्कार करतो?"

तरी कामाला लागले. वाळलेल्या पाइनचे तीनच ओंडके उरले होते, कारण इंग्रज येण्याआधी काकूंनी ते गवताखाली लपवले होते. पहिलं तोंड झालं. काम इतकं नाजूक, की पापण्यांची सावली गालावर पडावी. ब्रेतन खलाशी टोप्या हातात धरून आले, बघत राहिले. त्यांच्यातला थोरला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

कप्तानांना सांगावंसं वाटेना. "म्हणतो, ही आजी आपल्याला काहीतरी विकायला बघतेय."

मी पुढे होऊन पाहिलं. खरंच होतं. ओठाच्या कोपऱ्यात वाण्याचं हसू होतं.

दुसऱ्या वेळी काकांनी हसू समूळ उपटलं. ओठ सरळ, भुवया सरळ, सगळं सरळ. खलाशी पुन्हा आले, पुन्हा माना हलल्या. "म्हणतात, आजीची दाढ दुखतेय," कप्तानांनी सांगितलं.

लोक गेल्यावर एबरकाका बाकावर बसले. हातातली पटाशी त्यांनी उलटी करून पाहिली, जणू दोष तिचा होता. "आयुष्यभर लोकांना चिडवण्यात गेलं," ते म्हणाले. "हाताला दुसरं वळणच नाही. ॲसाहेलला कळव, गाडी लवकर आणली तरी चालेल."

"एक ओंडका आहे अजून," मी म्हणालो.

"आहे. त्याचं डुकरांचं कुंड चांगलं होईल."

रात्री सगळे जेवायला बसलो. काकूंनी पानात वाढता वाढता विचारलं, "मिस्टर सिसन, कामाचं कसं चाललंय?"

"छान चाललंय," काका म्हणाले. "थोडंच राहिलंय. त्यांना फार आवडलं."

काकूंच्या हातात पळी होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, दुःखानेही नव्हे. नुसतं पाहिलं. आपल्याला सगळं कळलंय, आपण काही बोलणार नाही, आणि कालवण मात्र गार होतंय, एवढं सगळं त्या बघण्यात होतं. मी माझ्याही नकळत हातातली भाकरी खाली ठेवली. मी काहीच केलं नव्हतं, तरी.

कप्तानांचा चमचा खाली आला. "मास्टर सिसन," ते म्हणाले, "वर बघा."

काकांनी वर पाहिलं. चाळीस वर्षं तो चेहरा त्यांच्याकडे बघत होता, पण दरवेळी मान खाली असल्यामुळे त्यांनी तो कधी नीट पाहिलेला नव्हता.

"तोंड उघडं ठेवून काय बघताय?" काकू म्हणाल्या. "जेवा."

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या ओंडक्याचं काम सुरू झालं. अडचण अशी, की ते तोंड काकू मागून देत नसत. सांगून आणता येईल असं ते नव्हतंच. ते यायला समोर कुणाला तरी खोटं बोलावं लागे. तेव्हा काकूंना विणकाम घेऊन दुकानात बसायला सांगितलं, "सोबत होते" म्हणून, आणि आम्ही दोघं-तिघं आळीपाळीने खोटं बोलू लागलो.

"काल धक्क्यावर मी रमच्या पेल्याला शिवलोसुद्धा नाही," काका पटाशी धरून म्हणत.

काकू विणकामातून वर बघत. टक, टक, टक, लाकडी हातोडा चाले.

"मादाम, मी दर रविवारी चर्चमध्ये जातो," कप्तान म्हणत. टक, टक.

मी एकदा म्हणालो, "कमिटी पुढच्या महिन्यात सगळ्यांचा थकलेला पगार चुकता करणार आहे." तेव्हा त्या इतक्या वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, की काकांची दोन्ही डोळ्यांची कामं एका बैठकीत झाली. लाकडाच्या त्या आजीच्या नजरेत माझाही काही वाटा आहे तो असा.

काकूंना कळलं ते हनुवटीपाशी. त्या उठल्या, मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, स्वतःच्या हनुवटीला हात लावून पाहिला.

"मिस्टर सिसन, मी पोपच्या लोकांच्या जहाजावर बसायची?"

"पुढेच बसायचं आहेस. सगळ्यांच्या पुढे."

"आणि ते माझ्यापुढे मेणबत्त्या लावणार?"

"लावतीलही."

काकू विणकाम गोळा करत म्हणाल्या, "लावू देत. या घरात कुणी साधा दिवासुद्धा वेळेवर लावत नाही."

काकूंनी चालवून घेतलं, पण गावाने घेतलं नाही. एबर सिसन संत कोरतोय ही बातमी आमच्या प्रार्थनामंदिरात पोचली आणि पाळक बर्डिक स्वतः चौकशीला आले. पाळक बारीक, कोरडे, भल्या मनाचे. त्यांच्या भुवया एका वर्षी माळ्यावर गेल्या होत्या. ते विसरले नव्हते.

"बंधू एबर," ते दारातूनच म्हणाले, "कानावर आलं ते खरं नसावं."

"काय आलं?"

"की तुम्ही कॅथलिकांना पूजेला मूर्ती करून देताय. असं असेल तर मंडळीत तुमचं नाव ठेवणं मला कठीण जाईल."

हे थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. मंडळीतून नाव गेलं, की गावातलं कोणी त्यांच्याकडे खुंटीसुद्धा कोरून घेणार नव्हतं. फ्रेंच आज होते, उद्या जाणार होते. काकांनी मूर्तीवरचं फडकं काढलं.

पाळक बघत राहिले. हळूहळू त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला, जिथे तपकिरीची डबी असते. ती डबी आपल्याकडे नाहीच असं ते दर रविवारी सांगत.

"ही तर भगिनी रुहामा," ते म्हणाले.

"हो. माझी बायको मी कोरली," काका म्हणाले. "बायको कोरायला बायबलमध्ये मनाई असेल तर दाखवा. फ्रेंच लोक तिला काय नावानं हाक मारतात, ते त्यांचं त्यांना."

पाळकांनी विचार केला. तेवढ्यात खुद्द काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "पाळकबुवा, या विषयावर प्रवचन करणार आहात का?" आणि पळी नव्हती तरी तशाच बघू लागल्या.

"नाही, नाही," पाळक म्हणाले. "सहज आलो होतो. तब्येत विचारायला."

शेवटी खलाशी आले. टोप्या काढून उभे राहिले. यावेळी कुणी बोलेना, तसा काकांचा चेहरा उतरला. मग तो थोरला खलाशी दोन पावलं पुढे गेला, मूर्तीकडे नीट पाहिलं आणि तोंडातली चिलीम काढून पाठीमागे लपवली.

कप्तान काकांकडे वळले. "मास्टर सिसन," ते म्हणाले, आणि पुढे जो शब्द वापरला तो लिहिता येत नाही. पण अर्थ, कामाचे पैसे घ्या, असा होता.

त्या वर्षी पोपला सुट्टी मिळाली. मित्रराष्ट्राच्या भावनांचा विचार करून कमिटीने दवंडीच पिटली. आमचाच एक सेनापती नुकताच इंग्रजांना विकला गेला होता, त्यामुळे जाळायला माणूस मिळाला, आणि भोपळ्याच्या डोक्यावर काम भागलं. एबरकाकांना सवड नव्हती. ॲसाहेल पहिल्या बर्फाबरोबर बैलगाडी घेऊन आला, तेव्हा दुकानासमोर तीन फ्रेंच कप्तान थांबले होते. एकाच्या हातात समुद्रदेवाचं तुटलेलं नाक, दुसऱ्याच्या काखेत मत्स्यकन्येचा हात, तिसऱ्याला काय हवं होतं ते त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं होतं, आणि मलाही ते कळत नव्हतं. ॲसाहेलने गाडीतून चीज आणि मुलीने विणलेले मोजे उतरवले.

"मग, पुढच्या वर्षी?" तो सासूला म्हणाला.

"पुढच्या वर्षी येऊ," काकू म्हणाल्या. "आठ दिवसांसाठी."

राहिला एक मुद्दा. कप्तानांना आजीच्या डोक्यावरच्या पदराची किनार सोन्याची हवी होती. लढाईआधीचा थोडा वर्ख काकांनी जपून ठेवला होता, तो उजव्या बाजूला पुरला. डावीकडे तूर्त पिवळा रंग फासला. वर्ख बोस्टनहून मागवला होता, पण पैसे कप्तानांनी दोन्ही बाजूंचे आधीच देऊन टाकले होते. काकांना ते आवडलं नव्हतं. "केल्याशिवाय घेऊ नये," ते म्हणत. पण काकूंनी त्या पैशांचं लाकूड आणि पटाश्या घेऊन टाकल्या होत्या.

वर्ख यायला उन्हाळा उलटला. तोवर फ्रेंच पायदळ ढोल वाजवत दक्षिणेला गेलं होतं. ऑगस्टअखेर आरमारही निघालं. 'सेंत आन'मध्ये किल्ले फोडायच्या मोठ्या तोफा भरल्या. कुठे जाणार ते कुणी सांगत नव्हतं, म्हणजे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नेमका त्याच दिवशी बोस्टनची डबी आली. काका डबी कोटाखाली धरून माझ्या होडीत बसले, आणि मी वल्ही मारत जहाजाच्या तोंडाशी गेलो. वर काकू, म्हणजे आजी, समुद्राकडे बघत होती. समुद्र खोटं बोलत असावा.

काकांनी डबी उघडली. वारा सुटला होता. पहिलं पान हातात घेतलं, ते चमकत चमकत वर गेलं आणि कुठे गेलं कळलंही नाही. त्यांनी डबी गच्च मिटली.

कप्तान वरून वाकले. "वाऱ्यात वर्ख, मास्टर सिसन?"

"मग केव्हा?"

"परत येईन तेव्हा."

"मी तुमचं देणं लागतो."

"लागा," कप्तान ओरडले. नांगर वर येत होता. "माझ्या राजाकडे तुमचं बोट आहे. तो तरी कुठे देतोय?"

ऑक्टोबरात घंटा वाजल्या. व्हर्जिनियात यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती शरण आला. समोरून आम्ही, बाजूने फ्रेंच, समुद्रात फ्रेंच, अशी कोंडी झाली होती, आणि न्यूपोर्टहून गेलेल्या तोफा वेळेवर पोचल्या होत्या. गाव नाचलं. काका बातमी आणणाऱ्या माणसाला धक्क्यावर धरून विचारत होते, सामानाच्या जहाजांतलं कुठलं बुडालं का. त्याला माहीत नव्हतं. पुढे आरमार तिथून वेस्ट इंडीजकडे गेलं म्हणून कळलं. 'सेंत आन'चं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तेव्हापासून फ्रेंच निशाण दिसलं की काका धक्क्यावर जातात, जहाजाच्या तोंडाकडे बघतात आणि परत येतात.

या वसंतात तहाची खबर पक्की झाली, तसं कमिटीने ठरवलं, की सभागृहाच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा नवा लाकडी कोंबडा बसवायचा आणि त्याला सोन्याचा वर्ख द्यायचा. कोंबडा एबरकाकांनी फुकट कोरला. चोच थोडी कारकुनासारखी आहे. वर्ख मात्र सबंध न्यूपोर्टात कुठे मिळेना, फक्त काकांच्या खणातल्या डबीत होता. कमिटीने मला पाठवलं.

"काका, स्वातंत्र्याचा कोंबडा आहे," मी म्हणालो. "वर्ख द्या. कमिटी तुम्हाला नवा आणून देईल."

रुहामाकाकू चुलीशी होत्या. कमिटीचं नाव ऐकताच त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तो माझा नाही," काका म्हणाले. "डावी बाजू अजून राहिली आहे."

मी परत आलो. कोंबडा पिवळ्या रंगाने रंगवला. वारा आला की बरा फिरतो.